साहेबांच्या व्रताचा रस्सा

स्वयंपाकात काय घालायचे हे ठरवायला एक बाई पुरते. काय घालायचे नाही हे ठरवायला समिती लागते. पाकशास्त्राच्या पुस्तकांत हे तत्त्व सापडत नाही, कारण ती पुस्तके एकेकट्या बायांनी लिहिलेली असतात. (म्हणूनच त्यांतले पदार्थ खाता येतात.) परंतु देशाची घडी बसत असताना केवळ खाता येण्याजोगे पदार्थ करून भागत नाही. ते रीतसरही असावे लागतात, आणि रीत म्हटली की चारचौघांचे मत आलेच.

तारापूरला अणुशक्तीपासून वीज करण्याचे केंद्र उभे राहत होते, त्या काळातली म्हणजे सदुसष्टच्या आसपासची ही हकीकत. बोईसर स्टेशनाकडून केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर जयवंतीबाईंची चिकूची वाडी होती. वाडीतला जुना गोठा लिंपून त्यांनी तीन खोल्या काढल्या होत्या आणि आम्हा परगावच्या नोकरदारांना भाड्याने दिल्या होत्या. पहिल्या खोलीत संगमनेरकडचे पुंजाराम, केंद्राच्या भांडारातले स्टोअरकीपर, आणि त्यांची पत्नी इंदुबाई. दुसरीत रत्नाबाई, त्यांचे यजमान एक तर पाळीवर असत किंवा झोपलेले असत, त्यामुळे ते या हकीकतीत येत नाहीत. तिसरीत मी, टंकलेखक, सडाफटिंग, आणि लिहिता येणारा रिकामा माणूस या पात्रतेवर पुढे समितीचा चिटणीस.

केंद्रावर हार्लन नावाचे एक अमेरिकन इंजिनियर होते. उंचीला ताडमाड, अंगाने काडी. त्यांना गहू सोसत नसे. गव्हाचा कण पोटात गेला तरी ते आठवडाभर अंथरूण धरतात असे त्यांच्या डॉक्टरांचे म्हणणे होते, आणि कोणाच्या तरी लग्नात आग्रहाने भरवलेल्या एका रव्याच्या लाडवाने ते खरे करून दाखवले होते. त्याखेरीज मांस, मासळी, अंडी, दूध, लोणी, तूप यांतलेही ते काही घेत नसत. ते मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे, मुक्या जनावरांच्या दयेपोटी, स्वतःच्या मनाने. केंद्राजवळच्या नवापूरच्या किनाऱ्याशेजारी राहून जो माणूस आपण होऊन ताजी मासळी नाकारतो, त्याच्याविषयी आमच्या भागात आदर वाटतो, आणि काळजीही. साहेब उकडलेल्या बटाट्यांवर आणि चिकूंवर राहत.

एकदा भांडारात व्हॉल्व्हची वाट पाहत असता ते पुंजारामांना म्हणाले की बटाट्यांबद्दल आपली तक्रार नाही, पण त्यांच्यावर ओतायला काही नसते. लहानपणी त्यांच्या घरी दर रविवारी बटाट्यावर दाट, गरम रस्सा ओतत. खाणे बदलल्यापासून तो गेला तो गेलाच. एवढे बोलून साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. पुंजाराम मायाळू माणूस. शिवाय भांडारात नसलेल्या कोणत्याही वस्तूसाठी 'येत्या रविवारी मिळेल' असे सांगायची त्यांच्या जिभेला सवय होती. तसे ते याही वेळी सांगून बसले.

घरी कळल्यावर इंदुबाईंना घोर लागला. त्यांच्या चुलीवरून आजवर कोणी उपाशी उठलेले नव्हते. उठू पाहणाऱ्यांना त्या हात धरून बसवत. "सायेब अर्धपोटी उठला तर मी माहेरी तोंड दाखवायची नाही," त्या म्हणाल्या. "आणि खाऊन आजारी पडला तर सासरी." एकट्या बाईवर एवढी जबाबदारी टाकणे बरे नव्हे, म्हणून त्याच संध्याकाळी समिती स्थापन झाली. अध्यक्ष जयवंतीबाई (ओटा त्यांचा होता).

पहिल्या बैठकीत व्याख्येचे काम झाले. साहेबांच्या मुलखात रस्सा कसा करतात हे पुंजारामांनी विचारून आणले होते. भाजलेल्या मांसाचा उतरलेला अर्क घ्यायचा, त्यात लोण्यावर परतलेला मैदा कालवायचा, थोडे दूध सोडायचे, वरून मीठ. यातून साहेबांना न चालणाऱ्या वस्तू वगळल्या असता काय राहते, याची समितीने वजाबाकी केली. मीठ राहिले. बैठक समाधानाने संपली, कारण निदान एका पदार्थावर एकमत झाले होते.

दुसऱ्या बैठकीत रत्नाबाईंनी मूळ प्रश्न विचारला. घरात कोणी गेलेले नसताना, वैद्याने सांगितलेले नसताना, धडधाकट माणूस दूध-तूप का सोडतो? मग जयवंतीबाई म्हणाल्या, "वरत हाय त्याचं. आमी काय एवढं समजत नाय?"

पुंजारामांनी डॉक्टरांची आठवण करून दिली. जयवंतीबाई म्हणाल्या, डॉक्टर हे निमित्त. देव असाच कोणाच्या तरी तोंडून सांगतो. व्रत कोणत्या देवाचे, हे साहेबांनाच विचारावे अशी सूचना मी मांडली. ती फेटाळली गेली, आणि योग्य कारणाने फेटाळली गेली. व्रत करणाऱ्याला व्रत विचारले की त्याचे पुण्य निम्मे होते, हे कोणालाही माहीत असते. साहेबांनी सातासमुद्रापलीकडून एवढे पुण्य आणायचे आणि ते आम्ही एका प्रश्नापायी निम्मे करायचे, हे पाहुणचारात बसत नव्हते.

एकदा व्रत ठरल्यावर काम सोपे झाले. व्रताला काय चालत नाही हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असते. फक्त प्रत्येकाला वेगळे ठाऊक असते. इंदुबाईंच्या घरी उपासाला कोथिंबीर चालत नाही पण जिरे चालते. रत्नाबाईंच्या घरी जिरे चालत नाही पण भेंडी चालते. (भेंडीवर अर्धा तास चर्चा झाली. रश्श्यात ती कोणीही घालणार नव्हते.) जयवंतीबाईंच्या घरी हळद, मोहरी, हिंग, चिंच यांना मनाई. कोणाच्याही घराण्याचा अपमान होऊ नये म्हणून समितीने उदार धोरण स्वीकारले: ज्या वस्तूला कोणाही एकीच्या घरी बंदी, ती सर्वांच्या मते वर्ज्य. या धोरणाखाली पुढील वस्तू गेल्या:

कांदा व लसूण, चर्चेविना.

हळद, हिंग, मोहरी, चिंच, वर सांगितल्याप्रमाणे.

लाल मिरची, कारण ती तामसी आहे. हिरवी मिरची, कारण लाल गेल्यावर तिने राहणे शोभले नसते.

शेंगदाणे, रत्नाबाईंच्या सासऱ्यांनी काशीला सोडले म्हणून.

खोबरे, कारण रत्नाबाईंकडे सोमवारी खोबरे खात नाहीत. साहेब रविवारी येणार होते हे खरे, परंतु खोबरे पचायला जड असते आणि सोमवारी ते पोटात असणारच, हा मुद्दा बिनतोड होता.

शेवटी साधे मीठ गेले आणि सैंधव आले. साहेबांनी स्वतःच्या जेवणातून जेवढ्या वस्तू वगळल्या होत्या, त्याच्या दुप्पट आम्ही त्यांच्यासाठी वगळून दाखवल्या. परकीय तज्ज्ञांपेक्षा आपण कोठेही कमी नाही, याचा प्रत्यय मला त्या ओट्यावर आला आणि ऊर भरून आला.

उरलेल्या वस्तूंतून, म्हणजे वरईचे पीठ, सैंधव आणि वाडीतल्या विहिरीचे पाणी यांतून, इंदुबाईंनी शनिवारी नमुना केला. तो दाट होता. गरमही होता. रंगाविषयी मतभेद नव्हते, कारण रंग नव्हता. चव पाहण्याचे काम चिटणीस म्हणून माझ्याकडे आले आणि मी 'निर्दोष' असा शेरा दिला. आजही मला दुसरा शब्द सुचत नाही.

आता प्रश्न सदस्यांच्या जेवणाचा. सदस्यांचे कोणतेही व्रत नव्हते, आणि निर्दोष रस्सा खाण्याची तयारीही नव्हती. दारी पाहुणा येणार, तर बाकीच्यांच्या पानात पुरणपोळी हवीच, असे ठरले. पुरणपोळी आली की पुरणाची डाळ शिजवून काढलेले पाणी, येळवणी, आलेच. आणि येळवणी वाया घालवणारी बाई संगमनेरकडे अजून जन्माला यायची आहे. भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, लसूण आणि घरचा काळा मसाला वाटून इंदुबाईंनी तिची आमटी केली. बोटभर तेलाचा तवंग आला. वास रस्त्यापर्यंत गेला.

रविवारी साहेब जीपमधून उतरले ते तो वास घेतच. त्यांना पाटावर बसवले. (गुडघे कानाशी आले, पण त्यांनी तक्रार केली नाही.) पानात उकडलेले बटाटे वाढले आणि इंदुबाईंनी बटाट्यांवर समितीचा रस्सा ओतला. साहेबांनी पहिला घास घेतला. चावण्यासारखे काही नसताना ते बराच वेळ चावत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले की फार छान आहे, आणि हात पानावरच राहिला. मोठ्या आशेने आलेला माणूस सभ्यपणे उपाशी राहायच्या तयारीला लागलेला सर्वांना दिसत होता. इंदुबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मला त्या क्षणी आमच्या सगळ्या ठरावांची लाज वाटली, पण ते मंजूर झालेले होते.

तेवढ्यात साहेबांनी सदस्यांच्या पंक्तीकडे बोट केले. त्या काळ्या रश्श्यात काय आहे? पुंजारामांनी भांडारातला माल मोजून दिल्यासारखे एकेक नाव सांगितले. डाळीचे पाणी. कांदा. लसूण. खोबरे. मसाला. तेल.

"गहू?" साहेब.

"निल," पुंजाराम.

"दूध, तूप?"

"निल, निल."

साहेबांनी बटाटे बाजूला सारून पानात जागा केली आणि इंदुबाईंकडे पाहिले. इंदुबाई पातेले घेऊन उठल्याही. पण जयवंतीबाईंनी पातेल्यावर हात ठेवला. "कांदा-लसूण हाय त्याच्यात. वरत मोडंल बिचाऱ्याचं. आणि आपल्या दारात मोडंल."

पेच मोठा होता. एका हाताला उपाशी पाहुणा, दुसऱ्या हाताला मोडके व्रत, आणि दोन्ही पापे इंदुबाईंच्या चुलीला. साहेबांना यातले काही कळत नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की आयुष्यभर शोधलेला रस्सा दोन हातांवर आहे आणि चार माणसे त्यांच्या हितासाठी तो त्यांना देत नाहीत.

"मग उद्यापन करा की," इंदुबाई म्हणाल्या. "व्रत संपवलं रीतसर, की झालं."

यावर कोणाचीच हरकत निघाली नाही. साहेबांना पाटावरून उठवून पूर्वेकडे तोंड करून बसवले, कपाळाला कुंकू लावले, हातात नारळ दिला आणि देव माहीत नसल्याने सर्व देवांची मिळून एक आरती म्हटली. साहेबांनी टाळ्या बरोबर वाजवल्या. व्रत समाप्त झाले. पातेले सुटले.

पुढचे लिहायला मला फार आनंद होतो. बटाट्यांवर आमटी पडली, साहेबांनी घास घेतला, त्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि कान लाल झाले. त्यांनी पान पुढे केले. पुन्हा केले. बटाटे संपले तेव्हा भात मागितला, भात संपला तेव्हा वाटी तोंडाला लावली. इंदुबाई वाढत होत्या आणि रडत होत्या आणि हसत होत्या, आणि पुंजाराम उगाचच माझ्या पाठीवर थापा मारत होते. इतका सुखी माणूस मी केंद्राच्या आवारात कधी पाहिला नव्हता.

मात्र उद्यापन म्हटले की गोडाचा घास आला. व्रत आता उरलेले नव्हते, म्हणजे बंदीही उरली नव्हती. हा तर्क इतका सरळ होता की जयवंतीबाईंनी तुपाने थबथबलेली पुरणपोळी साहेबांच्या पानात कधी ठेवली ते कळलेच नाही. साहेबांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले. पुंजाराम म्हणाले, अहो, डॉक्टर. लग्नातला लाडू सर्वांच्या डोळ्यांपुढून गेला. तरीही रत्नाबाई म्हणाल्या, "एकच घास." जयवंतीबाई म्हणाल्या, "परसाद हाय, नाय बोलू नये." इंदुबाई म्हणाल्या, "माझी शपथ." आणि मी, टंकलेखक, शिकलेला माणूस, मीही म्हणालो, "एवढ्याशानं काय होतंय?"

साहेबांनी आमच्याकडे एकदा नीट पाहिले. मग पोळी उचलून कपाळाला लावली, खिशातून रुमाल काढला, त्यात बांधली आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "घरी खातो." आमच्यात राहून ते एवढे तयार झाले होते. ती पोळी जीपच्या ड्रायव्हरने केंद्राच्या फाटकाआधीच संपवली, आणि सोमवारी साहेब ठणठणीत कामावर आले. रस्सा यशस्वी झाल्याबद्दल समितीने स्वतःचे अभिनंदन केले.

वाचकहो, इथपर्यंत आपण आम्हाला हसत आलात, ते योग्यच आहे. आता आपल्याकडच्या मागच्या खेपेच्या पंक्तीतले ते गृहस्थ आठवा, जे साखर बंद आहे म्हणून पानावर हात आडवा धरत होते. आपण त्यांच्या बोटांच्या फटीतून जिलबी सरकवलीत आणि सगळी पंक्ती हसली. त्यांच्यापाशी रुमाल नव्हता, म्हणून त्यांनी ती खाल्ली. समितीतर्फे विचारतो: ते आता कसे आहेत?