वास येतो, हे खरे आहे काय?

सकाळी पावणेसहाला कुणी बेल वाजवून "वास येतो आहे, हे खरे आहे काय?" असं विचारलं, तर माणूस आधी गॅसकडे धावेल. पहिल्या दिवशी मीही धावलो. गॅस बंद होता. परत आलो तर माकडटोपी घातलेले नाडकर्णी दारात वही उघडून तसेच उभे. म्हणाले, "घरातला नाही, पाटकर. बाहेरचा. असल्यास, कशासारखा?"

मी खिडकीशी जाऊन हुंगलं आणि "सडलेल्या कांद्यासारखा, वर थोडं व्हिनेगर" असं सांगितलं. त्यांनी ते शब्दशः उतरवून घेतलं, वेळ घातली, माझी सही घेतली आणि जिना चढून वर गेले.

आमची इमारत बदलापूरजवळ खरवईला आहे. सात मजले, मजल्यावर चार घरं, एकूण अठ्ठावीस. त्यांतली अकरा घरं नाडकर्णींनी साक्षीला निवडली होती. प्रत्येक मजला आला पाहिजे आणि चारही दिशा आल्या पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. मोजमाप हे माझंही पोटापाण्याचं काम असल्यामुळे मला ती निवड आवडली. बायकोला नाही आवडली. तिचं म्हणणं, या माणसाला स्वतःचं नाक आहे की नाही?

थंडीत पहाटे औद्योगिक वसाहतीच्या बाजूनं एक पांढुरका थर येतो. धुकं आणि धूर यांत कोण किती, ते मला मोजता आलेलं नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंतचं सगळं तो पुसून टाकतो. रस्ता नाही, रिक्षा नाहीत, समोरच्या इमारती तळ्यात उभ्या केल्यासारख्या. दूधवाल्याची घंटी कुठूनतरी खालून येते आणि बराच वेळ दूधवाला दिसतच नाही. असं वाटतं की आपण अजून उठलेलोच नाही. मग डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि उठलोय याची खात्री पटते.

नाडकर्णी रंगाच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. वय अडुसष्ट. सातव्या मजल्यावर एकटे राहतात. पत्नी सुमनताई तीन वर्षांपूर्वी गेल्या. रोज अकरा ते दोन ते अंबरनाथ पूर्वेला आमदारांच्या कार्यालयात बसतात. आमदार म्हणजे ताई. सगळे त्यांना ताईच म्हणतात. तिथे लोक तक्रारी घेऊन येतात: पाणी, दिवे, उघडी गटारं, दवाखान्यात नसलेली लस. ताईंनी सभागृहात विचारायचे प्रश्न नाडकर्णी त्या तक्रारींतून लिहून देतात. फुकट. बदल्यात त्यांना एक टेबल, एक पंखा आणि साखर नसलेला चहा मिळतो.

सभागृहाच्या प्रश्नाला एक ठरलेला साचा असतो. आधी "अमुक घडले, हे खरे आहे काय". मग "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली". शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय". बारा वर्षं हेच लिहून नाडकर्णींचं बोलणंही त्याच साच्याचं झालं होतं. भाजीवालीला ते विचारत, "मेथी आजची आहे, हे खरे आहे काय? नसल्यास, ती ताजी असल्याचे सांगण्याची कारणे काय?" ती शांतपणे जुडी परत टोपलीत ठेवी. उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराला त्यांनी पँटच्या कापडाबद्दल हिंदीत हाच प्रश्न टाकला, की कापड आटत नाही, ये सच है क्या, और नहीं तो कारण बताइए. तो म्हणाला, "साईं, मैं कोई मिनिस्टर हूँ? धो के देख लो." नाडकर्णींनी कापड घेतलं. ते आटलं. पण शासनापेक्षा सरळ उत्तर मिळालं म्हणून दुकान सोडलं नाही.

आकड्यांबाबत ते फार कडक. त्याचं कारण त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं. तुम्ही लिहिलं की चौदा दिवे बंद आहेत, आणि उत्तराच्या दिवसापर्यंत एक कुणी लावला, तर खातं उत्तर देतं, "हे खरे नाही." तेवढं म्हटलं की पुढच्या सगळ्या भागांना एकच उत्तर: "प्रश्न उद्भवत नाही." तेरा दिवे बंदच राहतात, पण कागदावर लख्ख उजेड. म्हणून कुणाचाही आकडा ते दुसऱ्या कुणाकडून तपासून घेत. दुसरी गोष्ट, वैयक्तिक बाब चालत नाही. एका माणसाचं दुःख हा सभागृहाचा विषय नाही. ते अनेकांचं आहे असं दाखवावं लागतं.

वासाचा प्रश्न त्यांनी दोन हिवाळ्यांच्या वहीवरून लिहिला. मागणी एकच. आमच्या भागात हवा मोजणारं यंत्र बसवा, आणि मर्यादा ओलांडली की वाजेल असा भोंगा त्याला जोडा. हिवाळी अधिवेशनासाठी प्रश्न स्वीकारला गेला तेव्हा इमारतीत पेढे वाटले. माझ्या आईला दमा आहे, ती आमच्याकडेच असते. तेव्हा पेढा मी नुसता तोंड गोड करायला खाल्ला नाही.

प्रश्न स्वीकारला की खात्याला उत्तर तयार करावं लागतं, आणि त्यासाठी पाहणी करावी लागते. पाहणीला तीन अधिकारी आले. सकाळी साडेअकराला. ऊन पडलं होतं, हवा धुतल्यासारखी. तिघांनी गच्चीवर उभं राहून मोठा श्वास घेतला आणि एकानं तर इथे फ्लॅटचा काय भाव चालू आहे, तेही विचारलं. आम्ही पहाटे या म्हणून सांगत होतो. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग त्यांच्यातल्या मुख्य अधिकाऱ्यानं कागद काढला आणि नाडकर्णींना विचारलं, की तक्रारदार तुम्ही; तुम्हाला स्वतःला वास येतो का?

"नाही," नाडकर्णी म्हणाले.

"म्हणजे आत्ता नाही."

"कधीच नाही."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं, खाली सही घेतली, आणि तिघं गाडीत बसून गेले.

सोसायटीचे सेक्रेटरी भोईर गावातलेच. इमारत उभी आहे त्या भातजमिनीशी त्यांचा चार पिढ्यांचा संबंध. ते गच्चीच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, "काका, तुमी आमचा पार पचका केला." संध्याकाळी ताईंच्या सचिवाचाही फोन आला. उत्तर आता "हे खरे नाही" असंच येणार, काका, मॅटर क्लोज.

मी रागावून सातव्या मजल्यावर गेलो. नाडकर्णी विजेच्या शेगडीवर खिचडी करत होते. मी विचारलं, एक शब्द फिरवला असता तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, माहितीच्या खरेपणाची जबाबदारी विचारणाऱ्यावर असते. मग खिचडी ढवळता ढवळता त्यांनी सांगितलं ते असं. रंगाच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं काढली. दहाव्या-अकराव्या वर्षी नाक गेलं. डॉक्टर सर्दी म्हणाले. ती सर्दी उतरलीच नाही. सुमनताई सोडून कुणालाही त्यांनी हे कधी सांगितलं नाही.

"पण इतकी वर्षं तुमचं निभावलं कसं?"

"ती सांगायची ना. दूध उतू चाललंय, शर्ट धुवायला टाका, खाली कुणाकडे तरी सुकट भाजतायत. दिवसभर सांगायची. मला कधी लक्षातसुद्धा राहायचं नाही की आपल्याला वास येत नाही."

गॅस त्यांनी सुमनताई गेल्यावर काढून टाकला होता. गळला तर सांगणार कोण?

ताई दुसऱ्याच दिवशी स्वतः आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. काका, तुमचं नाक हाच पुरावा आहे, मी सभागृहात सांगते. नाडकर्णींनी मान हलवली. "ती वैयक्तिक बाब आहे, ताई. अध्यक्ष थांबवतील. आणि थांबवायलाच पाहिजे."

मी मध्ये बोललो. त्या कारखान्यात तुम्ही एकटेच होतात का? बाकीच्यांची नाकं कुठे आहेत?

पुढचे तीन रविवार आम्ही नाकं शोधत फिरलो. जुन्या हजेरीतली नावं नाडकर्णींना पाठ होती. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर मिळून नऊ जण सापडले. मी चार सारख्या डब्या केल्या होत्या: हिंग, कापूर, कॉफी, आणि एक रिकामी. रिकामी हवीच असा माझा आग्रह होता; नाहीतर माणूस अंदाजाने काहीतरी सांगतो. डोळ्यांना रुमाल बांधायचा, डबी नाकाशी धरायची, सांगतील ते लिहायचं.

उल्हासनगरला बटणं आणि चेन विकणारे पवार होते. दुकानात माणसांची ही गर्दी, आणि त्यात स्टुलावर डोळे बांधून बसलेले पवार हिंगाच्या डबीवर हसऱ्या चेहऱ्यानं झुकले. खूप लांबचं काहीतरी ऐकत असल्यासारखे. मग म्हणाले, "गुलाब." शेजारचा सिंधी दुकानदार तोंडाला रुमाल लावून हसत होता. पवारांची बायको हसली नाही. ती म्हणाली, तरीच भाजी खारट झाली तर कळतं आणि करपली तर कळत नाही. कापराला पवार "अत्तर" म्हणाले. रिकाम्या डबीलाही "गुलाब"च म्हणाले.

नऊपैकी पाच जणांना चारही डब्या सारख्याच होत्या. नाडकर्णी म्हणाले, "सहा. मला धरून." मी म्हटलं, मग एकूण दहा. ते म्हणाले, बरोबर, दहापैकी सहा, आणि नावं कुठेही येणार नाहीत.

अधिवेशनातला प्रश्नोत्तराचा तास आम्ही आमच्या घरी मोबाइलवर पाहिला. मी, आई, बायको, भोईर आणि नाडकर्णी. आमचा प्रश्न सातवा होता. तिसऱ्यावरच अर्धा तास गेला. सातवा पुकारला तेव्हा चार मिनिटं उरली होती. मंत्री उठले, म्हणाले, "हे खरे नाही," आणि बसले. भोईरांनी कपाळाला हात लावला.

ताईंनी उपप्रश्नासाठी हात वर केला. आवाज चढवला नाही. पाहणीला आपले अधिकारी सकाळी किती वाजता गेले होते, एवढंच आधी विचारलं. मंत्र्यांनी कागद चाळला. साडेअकरा म्हटल्यावर मागच्या बाकांवर हशा झाला. मग ताई म्हणाल्या, "तक्रारदाराला वास येत नाही, हे खरं आहे. त्याच्या कारखान्यातल्या दहापैकी सहा जणांना येत नाही. ही नाकं कुठे गेली, याची चौकशी शासन करणार आहे काय?"

अध्यक्षांनी मंत्र्यांना माहिती तपासून घ्यायला सांगितलं. मंत्री पुन्हा उठले आणि यंत्र बसवू, भोंगाही बसवू, जुन्या कामगारांची तपासणी करू, असं आश्वासन देऊन बसले. तास संपला.

आईनं देवाला हात जोडले. भोईरांनी नाडकर्णींना मिठी मारली. ते मात्र आश्वासन कार्यवृत्तात कोणत्या शब्दांत येतं ते पाहावं लागेल म्हणाले, आणि मला वर घेऊन गेले. मला वाटलं, कागद करायचे असतील.

त्यांनी आतल्या खोलीतल्या लाकडी कपाटापाशी खुर्ची ठेवली आणि मला बसवलं. कुलूप उघडलं, दार मात्र नाही. म्हणाले, "आता एक वैयक्तिक बाब. सुमन वेंगुर्ल्याची. दरवर्षी सुरंगीचे गजरे मागवायची आणि सुकले की साड्यांत ठेवायची. म्हणायची, सुकला तरी वास जात नाही. मी तीन वर्षं हे उघडलेलं नाही. उघडलं की थोडा जाणार, आणि गेला ते मला कळणार नाही."

त्यांनी दार वीतभर उघडलं. मी आत वाकलो. डांबराच्या गोळ्यांचा आला, जुन्या लाकडाचा आला. मी डोळे मिटले. खिडकीतून येणारं ऊन पापण्यांवर तांबूस झालं होतं. बऱ्याच वेळानं, साड्यांच्या खालच्या घडीतून मधासारखं काहीतरी वर आलं, गेलं, पुन्हा आलं.

"आहे," मी म्हणालो.

"किती?"

मला आकडा सांगता आला नाही. मी म्हटलं, "खालच्या निळ्या साडीत आहे."

"निळ्या," ते म्हणाले. मग त्यांनी हात आत घालून ती साडी काढली, मांडीवर ठेवली आणि दार न लावता तसेच बसून राहिले.