हिरव्या खड्याचे गुण

माणसाचं माणसाशी जमेनासं झालं, की तो दगडाकडे वळतो. रत्नशास्त्राचा पाया इथेच घातला गेला आहे.

बाजारातल्या एका सराफांपासून मात्र या शास्त्राला मोठाच धोका होता. ते खरं बोलत. कॅल्सेडनी नावाचा हिरवा खडा कोणी हातात घेतला, की म्हणत, "पाचूसारखा दिसतो, पण पाचू नव्हे. रंग शांत आहे, पॉलिश छान बसतं. बाकी गुण काही नाही." गिऱ्हाईक खडा मखमलीवर ठेवी आणि समोरच्या दुकानात जाई. (तिथे हाच खडा मूळव्याधीवरही चालत असे.)

शेवटी सराफांच्या बायकोने कारभार हाती घेतला आणि काचेवर गुणांची पाटी चिकटवली: मनःशांती, पचन, संसारसुख, आणि जागा उरली म्हणून परदेशगमन. सराफ पाटीकडे पाठ करून बसू लागले.

लवकरच एक शिक्षिका आल्या. "संसारसुख म्हणजे नक्की काय हो? आमचे हे माझ्याशी बोलतच नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. मुलगी लग्न होऊन गेली आणि विषयच संपले."

सत्य सराफांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पडद्याआडून बायको खाकरली. त्यांनी हिरव्या खड्याची अंगठी बांधून दिली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. (पचनाचा गुण विक्रेत्यास लागू नसावा.)

बाई पुन्हा दारात दिसल्या, तेव्हा सराफ माफी मागायला उठलेच. पण बाई हसत होत्या.

"बोलले हो! चहा देताना बोटाकडे बघून म्हणाले, 'हे काय?' म्हटलं, 'दगड.' म्हणाले, 'ते दिसतंय. कशाला?' मग सांगितलं कशाला! असे भांडलो, की शेजारी धावत आले. भांडता भांडता रडलेच ते."

सराफांना राहवेना. "बाई, त्या खड्यात काही नाही हो."

"मला ठाऊक नाही होय? शाळेत विज्ञान शिकवते मी." बाईंनी आवाज खाली आणला. "पण ह्यांना सांगू नका. उद्या येणार आहेत ते, मनःशांतीसाठी एक घ्यायला. माझा आवाज फार चढतो म्हणे."

सराफांनी मान डोलावली. मग पडद्याआड जाऊन बायकोला विचारलं, "जेवलीस का?" ती इतकी दचकली, की हातातली वाटी पडली.

सदर खड्याचे गुण विज्ञानाने अद्याप मान्य केलेले नाहीत. तरीही वाचता वाचता ज्यांना दुकानाचा पत्ता विचारावासा वाटला, त्यांच्या घरी कोण गप्प असतं, हे आम्ही विचारणार नाही.