परबकाका आणि ओले पिळे

सकाळी बेल वाजली की तुमच्या दारात दूधवाला उभा असेल, पेपरवाला असेल. आमच्या दारात परबकाका उभे असायचे. अंगात गंजीफ्रॉक, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि दोन्ही हात बारशाला मूल घ्यायला पसरावेत तसे पुढे पसरलेले.

"पिळे दे गो बाय!"

पिळे म्हणजे धुण्याचे पिळे. आमच्या धुण्याचे! माझे शर्ट, नलूच्या साड्या, आमच्या मनूचे फ्रॉक, ओलं म्हणून जे काही असेल ते. हा माणूस मुलुंडच्या आमच्या सोसायटीत जिनेच्या जिने चढून लोकांचं ओलं धुणं गोळा करायचा आणि स्वतःच्या घरात वाळत घालायचा. जाताना मागे वळून एक सूचना ठरलेली, "जास्त पिळू नका हां!"

आणि हे सगळं कशासाठी? तर एका झाडासाठी.

परबकाका आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा दिनेश मस्कतला नोकरीला गेला, मागोमाग सून आणि नात पिंकी. जाण्याआधी सुनेने कुठल्याशा फुलांच्या प्रदर्शनातून एक ऑर्किड आणलं होतं. त्याला माती लागत नाही म्हणे. नारळाची सोडणं भरून लाकडी पिंजऱ्यात टांगून ठेवायचं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, याला हवेत ओल पाहिजे. आणि पिंकीने निघताना आजोबांना दम भरला होता, "मे महिन्यात आम्ही येऊ, तेव्हा याला फूल पाहिजे."

झालं! हवेत ओल म्हटल्यावर काका चेकाळलेच. त्यांचा सगळा जन्म गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर गेलेला. तिथे हवा मुद्दाम दमट ठेवतात, नाहीतर सूत तुटतं. संपात त्यांची गिरणी बंद पडली, पण ती दमट हवा काही त्यांच्या डोक्यातून गेली नाही. "हवा सुकली की धागा तुटता, मेल्या!" हे त्यांचं उत्तर कशालाही चालायचं. मनूला ताप आला, हवा सुकली. माझं नलूशी वाजलं, हवा सुकली. मुंबईच्या हवेला ओल कमी आहे म्हणणारा हा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. दिवाळी झाली की हवा कोरडी होते, हा त्यांचा सिद्धांत, आणि त्या सिद्धांतापायी आमची वाट लागली होती.

त्यांच्या घरात पंख्याला बंदी. खिडक्यांवर ओली गोणपाटं. स्टोव्हवर पाण्याचं पातेलं सदा खदखदत. मी आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि समोरून आवाज यायचा, "दार लाव पहिलं! ओल जाते ना!" काड्यापेट्या इतक्या सादळलेल्या, की स्टोव्ह पेटवायला काडी आमच्याकडून. तीही घरात शिरताच सादळेल म्हणून आमच्याच दारात मेणबत्ती पेटवून, ज्योतीला हाताचा आडोसा करून सावकाश चालत जायचे. एकदा त्यांनी मला भाजलेला पापड दिला. मी त्याची रुमालासारखी घडी घालून दाखवली. ते म्हणाले, "बघ! हवा झकास आहे."

आणि वर छताला टांगलेल्या काठ्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अख्ख्या बिल्डिंगचं धुणं. त्याच्या बरोबर मधोमध तो पिंजरा.

माझे शर्ट वाळायचेच नाहीत. वाळणार कसे? वाळू नयेत म्हणूनच तर तिथे टांगलेले! ऑफिसात आमचे हेडक्लार्क नाक वर करून विचारायचे, "काय हो, घरी छप्पर गळतंय का?" एकदा तर अदलाबदल होऊन मी दिवसभर तिसऱ्या मजल्यावरच्या शहांचा पायजमा बॅगेत घेऊन फिरलो आणि शहा माझी पँट घालून दुकानात जाऊन आले.

नलूपुढे बोलायची सोय नव्हती. "असू दे हो, म्हातारं माणूस आहे. घडी बघा कशी घालतात! मनूच्या फ्रॉकचं बटण तुटलं होतं, तेसुद्धा लावून दिलंय."

"बटण लावलंय, पण फ्रॉक ओला आहे!"

"तुम्हाला ना, नुसतं भांडायला पाहिजे."

त्यातून बिल्डिंगमध्ये फोन तेव्हा फक्त आमच्याकडे. मस्कतचा फोन आला की मी पळत जाऊन काकांना बोलवायचं आणि मग त्यांचं बोलणं अख्ख्या मजल्याने ऐकायचं, कारण मस्कत लांब आहे म्हणून ते त्या मानाने ओरडायचे. "होय गो! कळी धरली हां! हिरवीगार! तू ये तर खरी!" फोन ठेवला की रिसीव्हरवरून हात फिरवायचे, जरा बसायचे आणि मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "सुधाकर, उद्या चादरी भिजव. शर्टांनी काय भागत नाय."

शेवटी मी ठरवलं, याचा सोक्षमोक्ष लावायचा. ऑफिसातला एक जण घरात झाडं ठेवायचा. त्याने उपाय सांगितला: पसरट ताटलीत खडी घाला, खडी बुडणार नाही इतपत पाणी घाला, ताटली झाडाखाली ठेवा. लागते तेवढी ओल मिळते. मी रविवारी भर उन्हात खडी आणली, धुतली, ताटली मांडून दिली. काकांनी मान डोलावली, "शाब्बास! डोकं आहे तुला." मी छाती काढून घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल.

"पिळे दे गो बाय!"

"अहो काका, खडी!"

"खडीच पाणी पिते बहुतेक," काका म्हणाले आणि माझा टॉवेल घेऊन गेले. मी दातओठ खात राहिलो.

मार्चमध्ये मस्कतचा फोन आला. या वेळी काका ओरडले नाहीत. "बरं. नाय, नाय, काम पहिलं. पुढच्या वर्षी या. तिला सांग, फूल काय, परत येईल." फोन ठेवून ते उठले. नलूने चहा विचारला तर नको म्हणाले, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. मलाही वाईट वाटलं. पण खरं सांगू? मनात एक कोपरा म्हणत होता, मे महिन्यात कोणी येत नाही, फुलाची घाई नाही, आता शर्ट तरी वाळतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दोन्ही हात पुढे!

त्याच आठवड्यात माझा प्रमोशनचा इंटरव्ह्यू आला आणि माझा एकुलता एक बरा पांढरा शर्ट समोर लटकत होता. काका वरच्या मजल्यांवर पिळे गोळा करायला गेलेले. त्यांची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी दार उघडलं, वाफेतून चाचपडत गेलो आणि शर्ट दिसताच रागाने खस्सकन ओढला. बाही पिंजऱ्यात अडकली होती. पिंजरा खाली आला.

मी खाली बसून झाड उचललं तर ते हातातच आलं. काळं, पोकळ, मऊ पडलेलं. हिरवं पान एकही नव्हतं. धुण्याच्या गर्दीत इतके दिवस ते नीट दिसलंच नव्हतं. मेलो! आता या म्हाताऱ्याला काय तोंड दाखवू? पिंकीला काय सांगणार हा?

मागे काका उभे होते. हातात ओल्या धुण्याचा हा ढीग.

"काका, मी... शर्ट ओढला आणि..."

"तू नाय मारलंस," काका म्हणाले. "संक्रांतीआधीच कुजला ता झाड. माझाच हात सुटला पाण्यावर."

"मग फोनवर कळी धरली म्हणत होतात ती?"

"पोरगी विचारते, काय सांगू? म्हटलं, मे महिन्यात दुसरं आणून टांगीन. आता तर येतच नायत."

माझा पारा चढला. "अहो, मग हे कपडे? झाडच नाही तर रोज आमचे कपडे कशाला भिजत ठेवता?"

काकांनी ढीग खुर्चीवर ठेवला. त्यातून मनूचा फ्रॉक काढला, झटकला आणि काठीवर नीट सारखा केला.

"लालबागला आम्ही सगळे गाववाले एका खोलीत राहायचो रे," ते म्हणाले. "तिन्ही पाळ्यांचे. एक झोपलेला, एक कामावर, एकाची आंघोळ. कपड्यांची वलणी कधी रिकामी बघितली नाय मी. मग इथे दिनेशचा संसार. पिंकीची दुपटी याच काठीवर. ती सगळी गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वर बघतो, तर नुसत्या काठ्या. भीती वाटली मला, सुधाकर. खोटं नाय सांगत." त्यांनी फ्रॉकची बाही सरळ केली. "झाड होतं म्हणून मागायला तोंड होतं. झाड मेलं कळल्यावर कोण देणार? बायला सांगशील?"

माझा राग तर तसाच होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. मी पिंजरा उचलला, सोडणं परत भरली, ते काळं झाड त्यात खोचलं आणि होता तिथे टांगून दिला. शर्ट घेऊन घरी आलो.

"वाळला?" नलूने विचारलं.

"नाही."

"आणि झाड कसं आहे?"

"आहे बरं. ओल कमी पडते म्हणतात."

तो ओला शर्ट तसाच अंगात चढवला. बूट घातले. निघता निघता खुंटीवरचा टॉवेल दिसला, चांगला खडखडीत वाळलेला. आमच्या घरात कित्येक महिन्यांनी काहीतरी वाळलं होतं. तो घेऊन बाथरूममध्ये गेलो, बादलीत बुडवला आणि समोरची बेल दाबली.

काकांनी दार उघडलं. टॉवेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात पुढे पसरून टॉवेल घेतला. पाणी टपटप माझ्या पॉलिश केलेल्या बुटांवर पडत होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "जास्त पिळला नाहीस."