नानांच्या खिडकीतली हाक

मुक्ताला नुसतं 'दार लाव गो' म्हणून भागत नाही. ती उंबऱ्यावर थांबते आणि विचारते, "आतून की बाहेरून? आणि आधीच लागलेलं असलं तर?" एकदा वर्गात बाई म्हणाल्या, 'गप्प बसा.' मुक्ता पुढच्या तासाच्या हजेरीलाही बोलली नाही. कधीपर्यंत गप्प, ते बाईंनी सांगितलं नव्हतं.

जयगडच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मुक्ता आमच्या शेजारची, दहावीतली. वडील बंदरात बोटीवर, आठ-आठ दिवस घरी नसतात. आई पहाटे मासे घेऊन बाजाराला जाते ती दिवेलागणीला परतते. शाळा सकाळची. मग ही पोर माझ्या दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरला चिकटायची. मोबाइलवर बघून बघून प्रोग्राम लिहायला शिकली.

पहिला प्रोग्राम स्वतःचं नाव छापायचा होता. प्रिंटर कागद संपेपर्यंत 'मुक्ता, मुक्ता' छापत राहिला. मी ओरडलो तर म्हणते, "त्याला कशाला ओरडता काका? कधी थांबायचं ते मीच नाय सांगितलं." नंतर तिने माझ्या तब्येतीसाठी दर तासाला 'काका, पाणी प्या' असं तिच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम केला. काहीतरी आकडा चुकला आणि तो दर मिनिटाला बोलायला लागला. गिऱ्हाइकं दचकून बाहेर पळाली.

आमच्या पलीकडे नाना एकटे राहायचे. दुपारी एकला पाठच्या पडवीत यायचे आणि आधी कुत्र्याला हाक मारायचे, मग मुक्ताला. ती डबा घेऊन त्यांच्या पायरीवर जेवायला बसायची. गेल्या वर्षी छातीत दुखायला लागलं म्हणून मुलाने त्यांना मुंबईला नेलं. तिथून ते मुक्ताच्या मोबाइलवर बोलून निरोप पाठवायचे. तीन महिन्यांनी ते तिकडेच वारले. घराला कुलूप लागलं. त्यांचा काळू फणसाखाली पडून राहिला. आम्ही भात घातला, सुकट घातली, त्याने तोंड लावलं नाही.

आणि एका दुपारी, मी जेवायला बसलो असताना, बंद घरातून आवाज आला.

"काळू, ये रे. भात निवतोय."

बायकोच्या हातातली पळी खाली पडली. "नाना," ती एवढंच म्हणाली.

मी म्हटलं, भास असेल. पण फणसाखालचा काळू उठला. शेपटी हलवत घराच्या पाठीमागे गेला. माणसाला भास होईल, कुत्र्याला कसा व्हायचा?

दुसऱ्या दिवशी एकला पुन्हा तेच. वारा नाही, पान हलत नाही, आणि त्या कुलूपबंद घरातून नानांचा तो किंचित घोगरा आवाज. वाडीतले लोक त्या बाजूने जाईनात. कुणी म्हणालं, नारळ ठेवून गाऱ्हाणं घाला, जीव अडकलाय.

चौथ्या दिवशी मी काठी घेऊन एकच्या आधीच निघालो. पाठच्या बाजूला वळलो आणि हाक आली. अगदी कानाजवळ. काळू पडवीत थाळीतला भात खात होता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. एवढ्यात तोच आवाज पुन्हा आला, या वेळी हळू.

"मुक्ता, जेवलीस काय गो?"

माझ्या हातातली काठी गळाली. त्या आवाजाला कोपऱ्यापलीकडून कुणीतरी उत्तर दिलं.

"नाय अजून. तुम्ही?"

थोडा वेळ काहीच नाही. मग, "मी जेवलो. तू सावकाश जेव."

डोकावून बघितलं. मुक्ता पायरीवर बसली होती, मांडीवर न उघडलेला डबा. स्वयंपाकघराच्या खिडकीचं दार फटीएवढं उघडं होतं आणि गजांच्या आत तिचा जुना मोबाइल उभा केलेला होता.

मला बघून ती ताडकन उठली. "काळू जेवत नव्हता काका. नानांचे निरोप होते माझ्याकडे, काळूला ऐकवायच्या हाकासुद्धा. त्यातले तुकडे कापले, वेळ लावली. फक्त त्याच्यासाठी केलंय."

"आणि तुझ्या नावाची हाक?"

ती डब्याचं झाकण चाचपत राहिली. "ती काढायची राहिलीय."

"आणि मध्ये तो आवाज थांबतो कसा? तुला बोलायला वेळ देतो तो?"

"दहा सेकंद," ती म्हणाली. "आधी पाच ठेवले होते. पुरेनात."

मी काठी उचलली आणि घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक वाजायच्या जरा आधी तिने तिसरं ताट मांडलं, कुंपणाशी गेली आणि मोठ्याने हाक मारली, "मुक्ता, जेवलीस काय गो?"

पायरीवरच्या मुक्ताने आधी खिडकीकडे बघितलं. मग आमच्याकडे.