उगारलेला हात

दिग्दर्शक सुगुणनचे सिनेमे धो धो चालायचे, पण सासऱ्यांनी त्यातला एकही पाहिला नव्हता. सासरे भार्गवन माष म्हणजे तत्त्वज्ञानाचे निवृत्त मास्तर आणि गावच्या वाचनालयातल्या फिल्म सोसायटीचे तहहयात अध्यक्ष. जावयाची ओळख करून देताना ते ‘हा आमच्या श्रीलेखाचा नवरा’ एवढंच म्हणत. काय करतो असं विचारलंच, तर ‘मारामाऱ्या लावतो’ म्हणून विषय बदलत. बिचाऱ्या सुगुणनची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, या माणसाने चारचौघांत आपल्याला कलावंत म्हणावं!

त्या रविवारी दुपारी योग आला. सोसायटीने चर्चेला ‘लोकप्रिय चित्रपटांतील तत्त्वविचार’ असा विषय घेतला होता, आणि लोकप्रिय चित्रपट कुणीच बघत नसल्यामुळे नाइलाजाने जावयाचा लावायचं ठरलं.

अर्धा सिनेमा झाला तरी एक शिट्टी नाही, की टाळी नाही. सुगुणनला घाम फुटला. तेवढ्यात पडद्यावरच्या हिरोने मासळीबाजारात खलनायकावर मूठ उगारली आणि चित्र जागच्या जागी थिजलं. लॅपटॉप अडकला होता. तो सांभाळणारा पौलोस नेमका चहा प्यायला गेलेला.

सुगुणन धडपडत उठला. माषांनी मागून त्याचा लुंगीसारखा नेसलेला मुंडू पकडला. आता मुंडू दुसऱ्याच्या हातात असताना माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे?

“बस खाली!”

“अच्छन, बाबा, ते अडकलंय हो...”

“अडकलंय कसलं! माणूसच अडकलाय,” पडद्यावरची नजर न काढता माष पुटपुटले.

ही सोसायटीची मंडळीही काही साधीसुधी नव्हती. एक म्हातारी अर्धा तास मासे वाळत घालते असा परदेशी सिनेमा त्यांनी ढसाढसा रडत पाहिला होता. त्यांना थिजलेल्या चित्राचं काय कौतुक! आणि एखाद्याला शंका आली असली, तरी ‘बंद पडलंय’ असं म्हणून गावभर अडाणी ठरायची हौस कुणाला? एकजण खोकला, तर बाकीच्यांनी डोळे वटारले.

बऱ्याच वेळाने पौलोस आला. सगळ्यांना एवढं गंभीर बघून सिनेमा संपला असं समजून त्याने दिवे लावले. झालं, चर्चा सुरू!

“मारायची मोकळीक आहे म्हणूनच न मारण्याला अर्थ आहे,” पोस्टातल्या विलासिनीबाई म्हणाल्या.

“पण हात कुणाचा? कामगाराचा!” शिंपी कॉम्रेड दिवाकरन गरजले. “तो खाली कोण येऊ देत नाही? भांडवल!”

“हात नाहीच आहे,” होमिओपॅथीचे डॉक्टर डोळे मिटून म्हणाले. “आपणच हात आहोत.”

मग माष उठले. त्यांनी डोळे पुसले. “इतकी वर्षं मी ज्याला फटाकेवाला समजत होतो, तो कलावंत निघाला!”

सुगुणनला अगदी भरून आलं. इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“माफ करा,” तो उभा राहून म्हणाला. “लॅपटॉप अडकला होता. माझ्या सिनेमात तो मारतो.”

सगळे कौतुकाने हसले.

“किती विनयशील आहे हो!” विलासिनीबाई म्हणाल्या.

“कलाकृती पूर्ण झाली की कलावंताला तिच्यातलं काही कळत नसतं,” डॉक्टरांनी समजावलं.

“अहो, खरंच सांगतोय! पौलोस, लाव रे पुढचं!”

पौलोसने लावलं. मूठ दाणकन खाली आली. खलनायक माशांच्या टोपल्या, बर्फाची लादी आणि दोन स्कूटर घेऊन उडाला, तो थेट खाडीत पडला. पाठोपाठ त्याच खाडीकाठी गाणं सुरू झालं. शेजारी बसलेल्या श्रीलेखाने कपाळावर हात मारला. आता सगळं संपलं म्हणून सुगुणनने डोळे गच्च मिटून घेतले.

“हे कुणी घुसडलं?” कॉम्रेड कडाडले.

“निर्मात्याने! दुसरं कोण?”

“एवढ्या चांगल्या सिनेमाचं वाटोळं केलं मेल्यांनी!”

माष लगबगीने आले आणि त्यांनी जन्मात पहिल्यांदा जावयाला मिठी मारली. “मोने, बाळा, दर वेळी तुझ्याकडून हे असंच करून घेतात का रे?”

त्या दोन स्कूटर सुचल्या तेव्हा सुगुणन आनंदाने घरभर नाचला होता. पण सासऱ्यांच्या खांद्यावर डोकं ठेवल्यावर हे कुठल्या तोंडाने सांगणार?

“हो, अच्छन,” तो हुंदका देत म्हणाला. “फार छळतात.”

लगेच ठराव मांडला गेला. यापुढे सुगुणनच्या सिनेमात उगारलेला हात खाली येणार नाही! सर्वानुमते मंजूर. ठरावाच्या बाजूने सुगुणननेही मत दिलं.

घरी जाताना श्रीलेखाला राहवेना. “उद्यापासून नवीन शूटिंग ना? मार खायला एवढी माणसं बोलावलीस, ती काय करणार?”

“उभी राहतील.”

“आणि असला सिनेमा बघायला थिएटरात कोण येणार?”

“अच्छन येतील की,” सुगुणन म्हणाला.