चिरंजीवांचे सहा किलो

पोराचं वजन कसं उतरवावं हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं माझ्याकडे यावं! असं मी महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत होतो. माझं दुकान हार्डवेअरचं. माणूस बिजागरी न्यायला यायचा आणि बिजागरीबरोबर आमच्या चिरंजीवांची प्रगतीही घेऊन जायचा.

चिरंजीव पंधरा वर्षांचे. अंगानं चांगलेच भरलेले, स्वभावानं एकलकोंडे. शाळेतून आले की खोलीचं दार बंद, आणि दाराआड बिस्किटांचा पुडा. शेवटी मीच त्यांना दवाखान्यातल्या गटात घातलं. चार मुलं, सगळ्यांचं दुखणं एकच. एकत्र चालायचं, एकाचा तोंडावरचा ताबा सुटला की बाकीच्यांनी सावरायचं. शनिवारी वजन. ठरलेला आकडा गाठला की पास आणि गटातून सुट्टी. त्या जागी पुढचं मूल.

पँटी ढगळ झाल्या. पट्ट्याला मी स्वतः नवी भोकं पाडली. "या शनिवारी पास!" मी जाहीर करून टाकलं. चिरंजीवांचा चेहरा मात्र पडलेला. मला वाटलं, परीक्षेची भीती.

शनिवारी त्यांनी जुनी, खिसेच खिसे असलेली पँट घातली. हट्टच धरला. मी आणि ही आत नाव सांगायला गेलो, चिरंजीव दारात मित्रांशी कुजबुजत राहिले. मग जड पावलांनी येऊन काट्यावर चढले.

आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिला.

"सहा किलो."

"उतरलं?"

"वाढलं! एका आठवड्यात!"

"काटा बिघडलाय!" मी गरजलो. "उतर रे, मी चढतो."

चढलो. काटा ठणठणीत होता. माझा आकडा बाईंनी मोठ्यानं वाचला नाही, हे त्यांचे उपकार.

"म्हणजे तुम्हीच चोरून खायला घालता!" ही कडाडली.

"मी? तुझी आई परवा येऊन गेली, ती काय रिकाम्या हातानं?"

"माझ्या आईला मध्ये आणू नका!"

बाई मात्र भांडणात पडल्या नाहीत. त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि मला धडकी भरली ती त्यानं. "खाण्यानं इतकं वाढत नाही हो. अंगात पाणी साठत असेल. पाय सुजतात का रे? डॉक्टरांना दाखवू, आत्ताच."

पोरगं पांढरंफटक पडलं होतं, कपाळावर घाम. महिनाभर मी काय फुशारक्या मारत होतो, आणि आत याला काय होत होतं?

"काका, त्याला काही झालेलं नाही," गटातली चष्मेवाली मुलगी पुढे आली.

"तू बस बाळ. वॉर्डबॉय! खुर्ची आणा, चाकांची!"

बाकावर गटातला उंच्या नखं खात होता. त्याच्याशेजारी गटातला चौथा, बडबड्या, चक्क गप्प होता. तेव्हाच मला संशय यायला हवा होता!

"बाबा, मला चालता येतं..."

"पाऊल टाकू नकोस!" मी एका काखेत हात घातला, वॉर्डबॉयनं दुसऱ्या. "उचला!"

चिरंजीव वर आले. पँट आली नाही.

खण्ण! भरलेलं कपाट जिन्यावरून पडावं तसा आवाज झाला. नट, बोल्ट, सायकलची साखळी, मासेमारीच्या गळाला लावतात ते शिशाचे गोळे, दोन पितळी नळ. नळ माझ्या दुकानातले!

"अरे, हे काय?"

"मी फक्त नळच आणले होते," लांब शर्ट खाली ओढत पोरगं पुटपुटलं. "पण हे तिघंही आपापलं घेऊन आले. इतक्या प्रेमानं आणलेलं, नको कसं म्हणू?"

"पण कशासाठी?"

"पास झालो असतो ना! मग मला गटातून काढलं असतं." त्यानं बाहीला नाक पुसलं. "बाबा, याआधी मला मित्रच नव्हते."

मी हातात पँट धरून तसाच उभा. दार बंद असायचं तेव्हा मी बिस्किटंच मोजत बसलो होतो. फार वाईट वाटलं.

लोखंड एका पिशवीत भरून बाजूला ठेवलं आणि वजन झालं. पास! "नियम म्हणजे नियम," बाई हळूच म्हणाल्या.

"मग आमचंही नाव काढा," उंच्या उठला. चष्मेवाली उठली. बडबड्याला अखेर वाचा फुटली, आणि ती थांबेचना. त्याला थांबवण्यासाठी का होईना, बाईंनी हात जोडले. "बरं, बरं! पास झालेल्यानं राहायचं. पण नवीन येणाऱ्याला सांभाळायला."

नवी मुलगी बाहेरच बसली होती, हनुवटी छातीला टेकवून. चिरंजीव पँट सावरत तिच्याशेजारी जाऊन बसले. "पहिल्या दिवशी मीही पळून जाणार होतो," ते म्हणाले. तिनं मान वर केली.

माझी छाती फुगली. "चला, मीही येतो तुमच्याबरोबर चालायला!"

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं.

"या ना बाबा," चिरंजीव समजुतीनं म्हणाले. "पण जरा मागून. आणि तेवढी पिशवी घ्याल?"

तर असा मी निघालो. पुढे पाच जणांची खिदळणारी टोळी, मागे सहा किलो लोखंड घेऊन धापा टाकणारा बाप. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. आणि खरं सांगतो, त्याचंच मला फार बरं वाटत होतं!