ओट्सचा जोडीदार आणि नियम क्रमांक एक

मंगळवारी सकाळी सव्वासात वाजता अमेरिकेतल्या डुलुथ शहरी लिंडक्विस्ट कुटुंबातील दोन जर्बिलांपैकी बार्ली याचे वृद्धापकाळाने निधन झाले. वय तीन वर्षे, वजन सत्तर ग्रॅम. त्याच्या पश्चात ओट्स नावाचा जोडीदार आणि टिली नावाची नऊ वर्षांची मालकीण असा परिवार आहे.

जर्बिल म्हणजे गोंडेदार शेपटीचा, मुठीत मावणारा वाळवंटी उंदीर. तो एकटा पडला की आधी बिळे खणणे सोडतो, मग खाणे. ओट्सने गुरुवारपर्यंत दोन्ही सोडले. शुक्रवारी टिलीनेही ताट बाजूला सारले, तेव्हा तिची आई मार्नी हिने ओट्सला नवा जोडीदार मिळावा म्हणून जर्बिल पुनर्वसन संस्थेचा अकरा पानी अर्ज भरायला घेतला.

पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत नियम क्रमांक एक होता : 'सामाजिक सस्तन प्राण्यास एकटे ठेवणे ही क्रूरता समजली जाईल.' मार्नीने खाली 'पूर्णपणे सहमत' असे लिहून दोनदा अधोरेखित केले. सातव्या पानावर, अर्जदाराला जन्मापासून ओळखणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि फोन क्रमांक हवा होता. म्हणून तिने आईला फोन लावला. तिची आई आर्डिस, वय अठ्ठ्याहत्तर, सत्तावीस मैलांवर टू हार्बर्सला राहत होती. चार वर्षांपासून एकटीच.

"काय गं, फेब्रुवारीतच नाताळ आला का?" आर्डिसने विचारले.

"आई, टोमणे नंतर. तुला संस्थेच्या एक बाई फोन करतील. त्यांना माझ्याबद्दल चांगलं सांग."

"खरं सांगू की चांगलं?"

"टिली जेवत नाहीये, आई."

"मग चांगलं सांगते."

शनिवारी संस्थेच्या निरीक्षक लव्हर्न प्रॅट आल्या. बर्फाचे बूट दारात काढून त्यांनी फूटपट्टी आणि थर्मामीटर बाहेर काढले. ओट्सच्या काचेच्या टाकीत भुसा दहा इंच खोल भरला. तापमान योग्य निघाले. पाहुण्यांची उन्हाची खोली जर्बिलांसाठी रिकामी केली होती, तिला त्यांनी 'उत्तम' असा शेरा दिला. कागदावर सही करायला आर्डिसही आली होती, लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन.

"मी फोन केला, तर यांनी पहिल्याच घंटीला उचलला," प्रॅट म्हणाल्या. "चव्वेचाळीस मिनिटं बोलल्या. त्यातली सहा माझ्या गुडघेदुखीवर."

"आई आहेच मुळी बोलकी," मार्नी कौतुकाने म्हणाली.

"बोलकेपणा नव्हे हो तो, लक्षण आहे ते. आर्डिसबाई, तुमच्या सोबतीला कोण असतं?"

"रेडिओ असतो की. रोज हवामान सांगतो."

प्रॅटनी पेनाचे टोपण काढले आणि लिहिले : 'अर्जदाराच्या कुटुंबात एक सस्तन प्राणी आधीच एकटा ठेवलेला आढळला. त्याची सोय होईपर्यंत दुसरा देता येत नाही.'

"अहो, पण त्या माझ्या सासूबाई आहेत!" मार्नीचा नवरा ग्लेन म्हणाला.

"नियमात प्रजाती दिलेली नाही. 'सामाजिक' आणि 'सस्तन' एवढंच आहे. सासूबाई यांपैकी कशात बसत नाहीत?"

ग्लेन विचारात पडला.

"सुचलं तर लेखी कळवा," प्रॅट म्हणाल्या.

टिलीने फक्त टाकीकडे बोट दाखवले. ओट्स कोपऱ्यात तसाच बसला होता. आईला घरी आणून ठेवण्याच्या अटीवर मार्नीने सही केली.

अनोळखी जर्बिल एकदम एकत्र सोडले तर रक्तपात होतो. म्हणून टाकीत मधोमध जाळी बसवतात, दिवसातून तीनदा दोघांच्या बाजू बदलतात आणि एकमेकांच्या वासाची सवय होऊ देतात. प्रॅटनी मिलेट नावाचा तरुण जर्बिल तात्पुरता दिला आणि दोन्ही जोड्यांचा कार्यक्रम एकदमच सुरू करायला सांगितला. वर ओट्स आणि मिलेट. खाली तळघरात आर्डिस आणि तिचा जावई, कारण इतिहास पाहता धोका त्या जोडीत जास्त होता. तळघराची ओल जर्बिलांना बाधते. आर्डिसबाबत नियमात काही म्हटले नव्हते.

ग्लेनने गॅरेजातली कोंबड्यांची जाळी तळघरात आडवी ठोकली. मार्नीने नोंदी ठेवल्या. दिवस पहिला : दोघेही जाळीकडे पाठ करून बसले. दिवस दुसरा : गोधड्यांची अदलाबदल. ग्लेनची तक्रार, कापराचा वास येतो. "तुमच्या गोधडीला कसला येतो, ते मी बोलले का, जावईबापू?" दिवस चौथा : जाळीच्या फटीतून लिंबाची वडी सरकवली गेली, तिचे तुकडे झाले, पण खाल्ली गेली. दिवस पाचवा : जाळीतून पत्त्यांचा डाव. आर्डिस जिंकली. ग्लेनचे केस उभे राहिले, हल्ला मात्र झाला नाही. दिवस सातवा : दोघे एकाच सोफ्यावर, हॉकीचा सामना पाहता पाहता झोपलेले आढळले.

वरची जाळीही त्याच दिवशी निघाली. ओट्स मिलेटला चिकटून झोपला आणि उठल्यावर त्याने पुठ्ठ्याची एक अख्खी नळी कुरतडून टाकली. टिलीने दोनदा जेवण वाढून घेतले.

सोमवारी मार्नीने संस्थेला फोन केला. "सगळं छान झालं. आता आईला घरी सोडलं तर चालेल ना?"

"चालेल की," प्रॅट म्हणाल्या. "मी मिलेटला न्यायला किती वाजता येऊ?"

आर्डिस राहिली.

एका दुपारी ती टाकीपाशी खुर्ची टाकून बसली होती. "मार्नी, हे जर्बिल जगतात किती गं?"

"तीन वर्षं. फार तर चार."

"आणि ओट्स केवढ्याचा?"

"दोन वर्षांचा."

आर्डिसने मनाशी हिशेब केला. मग चष्मा लावून तिने ओट्सच्या वाटीतल्या सूर्यफुलाच्या तीन बियांपैकी दोन काढून घेतल्या. त्या फार स्निग्ध असतात, त्याने आयुष्य घटते, असे प्रॅटनी दिलेल्या माहितीपत्रकात होते. खिडकीच्या फटीतून वारा येत होता. तिने तिथे आपली शाल खोचली आणि उठून मिलेटच्या जन्मतारखेचा कागद शोधू लागली.

ओट्स सध्या ठणठणीत आहे. संस्था अचानक तपासणीला येते, पण फक्त जर्बिल पाळणाऱ्यांकडे. तुमच्या घरी जर्बिल नसेल, तर काळजीचे काही कारण नाही.